भर दिवसा खाली आलेला पडदा

११ जानेवारी १९५८, शनिवार

पोचलो बाई एकदाचे. ट्रकमागे सगळा संसार बांधलेला आणि पुढच्या बाकावर आम्ही तिघं. लॉइड गाडी चालवतोय, खिडकीशी सासूबाई, मध्ये मी. सासूबाईंच्या टोपीचं पीस ॲडलेडपासून माझ्या कानात. एरवी मी दोन शब्द सुनावले असते, पण आज कुणावर चिडायचं नाही असं ठरवूनच निघाले होते आणि चक्क निभावलं.

पोर्ट पेनार म्हणजे एक जेटी, एक चर्च, एक हॉटेल आणि बार्लीच्या पोत्यांच्या डोंगराएवढ्या थप्प्या. बार्ली जहाजात चढवायच्या कामावर लॉइडला मुकादमी मिळाली, आणि नोकरीबरोबर हे घर. दगडी भिंती, पत्र्याचं छप्पर, पुढे व्हरांडा, मागे थेट समुद्र. अकरा वर्षं भाड्याच्या दोन खोल्यांत काढली मी. आज रिकाम्या खोल्यांतून गाणं म्हणत फिरले, तर सासूबाई म्हणाल्या की शेजारीपाजारी ऐकतील. ऐकू देत की.

सासूबाईंचा जन्म इथलाच. लग्न होऊन गेल्या त्या आज पन्नास वर्षांनी परतल्या. त्यांना आनंद झालाय की नाही, देव जाणे. थर्झा बाईंच्या चेहऱ्यावरून आनंद ओळखायचा म्हणजे दगडाची नाडी बघण्यातली गत.

ही डायरी दुकानातल्या मुलींनी निरोपाला दिली. नऊ वर्षं पडद्यांच्या काउंटरवर होते मी. अर्ध्या ॲडलेडच्या खिडक्या माझ्या टेपखालून गेल्यात. आता माझ्या स्वतःच्या खिडक्या. पडदे पिवळे करणार, हे मी ट्रकमध्येच ठरवलं.

१३ जानेवारी, सोमवार

खिडक्या छान आहेत, उंच आणि रुंद. पण प्रत्येकीवर तो जुना गुंडाळीचा पडदा, तपकिरी, मेणकापडासारखा कडक. वर लाकडी रूळ, रुळात स्प्रिंग. दोरी ओढली की खाली, हलका झटका दिला की सर्रकन वर. मागच्या खोल्यांतले मी आल्या आल्या पार वर करून टाकले. पुढच्या खोलीतल्याला हात घातला, तर सासूबाईंनी हटकलं. तो अर्ध्यावरच ठेवायचा म्हणे. का, तर इथे असंच असतं. हे काय कारण झालं? पण वाद कोण घालणार, त्यांची ती जित्याची खोड.

संध्याकाळी चालून आले तेव्हा बघितलं, खरंच गावभर असंच. प्रत्येक घराच्या पुढच्या खिडकीचा पडदा बरोबर अर्ध्यावर. एवढं ऊन मी म्हणतंय, तरी कुणी इंचभर खाली घेत नाही. येणारा-जाणारा खालच्या अर्ध्या काचेतून सरळ आत बघतो. चोरून नाही, थांबून बघतो. काल आम्ही जेवताना तिघी बायका फुटपाथवर उभ्या राहून आमची ताटं न्याहाळत होत्या. मी हात हलवला, तर एकीनं ओळख दिली असेल तर शपथ. त्यातली मधली, जाडजूड, राखाडी अंबाड्याची, ती आमची शेजारीण मिसेस ट्रेलोर. आज सकाळी कुंपणावरून मी तिला सुप्रभात म्हणाले. तिनं वाळत घातलेल्या चादरीला उत्तर दिलं.

म्हणून तर पडदे हवेत. जाड, अस्तराचे, जमिनीपर्यंत येणारे. बघा मग काय बघायचंय ते.

१४ जानेवारी, मंगळवार

कापड घेऊन आले. गावात एकच दुकान, बोलिथोंचं. पुढे कापडचोपड, लिनोलियम, खुर्च्या. मागच्या शेडमध्ये रंध्याचा आवाज. मागे काय चालतं असं विचारलं, तर म्हणाले शवपेट्या. सुतार तोच, कापडवाला तोच, गावाला शेवटचं पोचवणाराही तोच. बरं आहे, एकाच टांग्यात दोन्ही कामं.

मिस्टर बोलिथो उंच, वाळका माणूस, बोलणं साजूक तुपातलं. पिवळं कापड बघून भुवया वर गेल्या, पण दिलं. मापं घ्यायला स्वतः येतो म्हणाले. मी म्हटलं, कशाला त्रास, माझा जन्म त्यातच गेलाय. त्यावर ते म्हणाले, बाकीच्या खिडक्या खुशाल मोजा, पुढच्या खोलीचं मी बघतो. आता हा माझा सरळसरळ अपमान होता. मीही ऐकवलं की पुढच्या खोलीचंच माप चुकलं तर सगळं गाव थांबून बघेल ना. दुकानातल्या दोघी बायका लगेच एकमेकींशी कुजबुजल्या. त्यातलं मला एवढंच कळलं, ‘ॲडलेडवाली.’

रात्रीच्या जेवणाला लॉइडला सगळं सांगितलं. तो हसला आणि विडी ओढायला मागच्या अंगणात गेला. सासूबाई म्हणाल्या, लोकांच्या खिडक्या मोजता मोजता काहींचं स्वतःचं घर भरायचं राहून जातं. मूल नाही यावरून. अकरा वर्षं झाली, टोमणा तोच. मी बटाट्याचं भांडं जरा जोरात ठेवलं, इतकंच.

१५ जानेवारी, बुधवार

आज काय झालं ते नीट लिहून काढते, म्हणजे माझं मलाच हसू येईल.

दुपारी सासूबाई वामकुक्षीला गेल्या तशी मी कामाला लागले. पोलादी टेप, शिसपेन्सिल, स्टूल. कापडी टेप वापरणारा माणूस मूर्ख. ती ताणली जाते. जुन्या घराची चौकट कधी काटकोनात नसते, म्हणून रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीनदा घ्यायची. उंची दांडीपासून जमिनीपर्यंत, आणि वर खाली दुमडीचं कापड वेगळं. नव्या मुलींना मी हे हात धरून शिकवलंय. मागच्या खिडक्या झाल्या. मग पुढच्या खोलीत आले.

जुना पडदा पूर्ण उलगडला की खिडकीची खरी उंची आयती कळते, म्हणून दोरी धरून खाली ओढला. कट्ट्यापर्यंत आला. खोलीत तपकिरी अंधार झाला आणि रुळात काहीतरी खट्‌ वाजलं. झटका दिला, वर जाईना. पुन्हा दिला. स्टुलावर चढून रूळ हातानं फिरवायला गेले, तर बोट स्प्रिंगमध्ये सापडून नखापर्यंत सोललं. घामाघूम झालेले, बोट तोंडात, आणि त्याच वेळी दार वाजलं.

दारात मिसेस ट्रेलोर. मागे पाच-सहा बायका, टोप्या घातलेल्या, सगळ्यांच्या हातांत झाकलेली भांडी. इतक्या लवकर स्वयंपाक कधी केला कोण जाणे. मिसेस ट्रेलोरनं पहिल्यांदा माझ्याशी तोंड उघडलं, तेही हलक्या आवाजात:

“कोण गेलं?”

आता सांगा, परक्याच्या दारात येऊन हे विचारायचं? माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, “मी. मीच गेले. डल्सी. झालं समाधान?”

तिनं मान हलवली. वळून मागच्यांना सांगितलं, डल्सी. त्या एकीकडून दुसरीकडे सांगत गेल्या, फाटकापर्यंत. मग एकेकीनं भांडं आणून व्हरांड्यात ठेवलं आणि निघून गेल्या. मटणाचा रस्सा, बटाटा भरलेल्या पास्ट्या, केशराचा केक. मी आपली बघतच राहिले.

आवाजानं सासूबाई उठून आल्या. पडद्याकडे बघितलं आणि खुर्चीत बसल्या त्या बसल्याच. दारात काय बोललीस, एवढंच विचारलं. मी सांगितलं. तेव्हा कुठे बाईंनी तोंड उघडलं. या गावात पुढच्या खोलीचा पडदा दिवसा खाली येतो तो घरात माणूस गेल्यावरच. बायका येतात, कोण गेलं विचारतात, दार उघडणारा नाव देतो. अंत्ययात्रा निघेपर्यंत मग तो पडदा वर जात नाही. मी म्हटलं, हे परवा सांगायला काय झालं होतं? तर म्हणाल्या, हात लावू नकोस म्हटलं होतं. हात दाखवून अवलक्षण करून घेतलंस. मी म्हटलं, मग जा आणि सांगा त्यांना की कुणी मेलेलं नाही. त्या म्हणाल्या, “नाव दिलंस तू. दिलेलं नाव रिकाम्या हातानं परत जात नाही.”

लॉइड आल्यावर पोट धरून हसला. रस्सा मिटक्या मारत खाल्ला. स्टुलावर चढून पडद्याला झटके दिले, पक्कड लावली, शिव्या दिल्या. वर गेला नाही. स्प्रिंग गंजलीय म्हणाला.

सासूबाईंनी पेटीतून काळा झगा काढून इस्त्रीला ठेवलाय.

१६ जानेवारी, गुरुवार

खाटकाकडे तीन चॉप मागितले. त्यानं दोन बांधले. तीन म्हटलं मी, पुन्हा. त्यानं माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत विचारलं, लॉइड कसा आहे, सावरला का. रांगेतल्या बायका माझ्यापासून दोन पावलं मागे सरकून उभ्या होत्या. माझ्या अंगाला वास येत असल्यासारख्या. मी पुडकं फेकलं त्याच्या फळीवर.

दुपारी बोलिथो आले. मला वाटलं, मापं घ्यायला. खिडक्या कालच मोजल्या म्हणून सांगितलं. त्यांनी टोपी काढली, खिशातून कापडी टेप काढली आणि माझ्या खांद्याला लावली. एका खांद्यापासून दुसऱ्यापर्यंत. मी हात झटकला, तर अगदी नम्रपणे म्हणाले, हात जरा खाली घ्याल का, कोपरांत फरक पडतो. मग वाकून टाचेपाशी टेप धरली. मी ओरडले. सासूबाई स्वयंपाकघरातून आल्या आणि मला म्हणाल्या की माणसाला त्याचं काम करू दे. जाताना बोलिथो म्हणाले, ते पिवळं कापड तुम्ही स्वतः पसंत केलंय, तर अस्तर त्याचंच घालू, आणि टेबलावरचा गठ्ठा काखेत मारून चालते झाले. माझं कापड. पैसे दिलेलं.

मग मात्र मी पेटले. पेचकस घेतला, स्टुलावर चढले, रूळ आकड्यांसकट भिंतीतून उपटला. पडदा गुंडाळून टेबलावर टाकला. खोलीत लख्ख ऊन आलं. बघा म्हटलं आता, बघा जिवंत बाई, आणि रस्त्यावर गेले.

रस्त्यावरून बघितलं तर आमच्या खिडकीत पडदा खाली.

आत आले. पडदा टेबलावर, काच उघडी. बाहेर गेले. पडदा खाली. असं किती वेळा केलं कोण जाणे. शेवटी फुटपाथवरच्या बायकांतली एक म्हणाली, पुरे गं आता, शोभत नाही.

लॉइडला हात धरून रस्त्यावर नेलं. त्यानं बघितलं. मग हसला नाही तो.

१७ जानेवारी, शुक्रवार

सकाळच्या बसनं निघून जायचं ठरवलं. बॅग भरली. लॉइडला म्हटलं, चल. तर म्हणे त्याला उद्या जहाज भरायचंय. कसलं जहाज? जेटीवर सगळ्यांनी टोप्या काढून त्याचा हात हातात घेतला आणि उद्याची सुट्टी दिली, हे तो लपवत होता. मी एकटीच गेले. बस थांबली, दार उघडलं, ड्रायव्हरनं मला नीट बघितलं. म्हणाला, “आज नको, बाई. उद्या तुमची गाडी वेगळी आहे.” दार लावून घेतलं. बसमधली सगळी माणसं पुढे बघत होती. चालत निघाले तर जेटीवरचे दोघे सायकली घेऊन दोन्ही बाजूंनी आले. हात नाही लावला. बाजूनं चालत राहिले आणि मला वळवून घरी आणून सोडलं. गुरं आणतात तसं.

घरी पाद्री बसलेला. कुठलं भजन घ्यायचं ते लॉइडला विचारत होता. मी शेजारीच उभी. मी त्याच्या पायाशी बशी फोडली. सासूबाईंनी केरसुणी आणली, तुकडे भरले, पाद्र्याची माफी मागितली.

नंतर लॉइड पलंगाच्या कडेला येऊन बसला. माझा हात हातात घेतला आणि म्हणाला:

“डल्सी, लोकांना इतकं अवघड करू नकोस गं. सगळे किती चांगले वागताहेत.”

तो रडत होता. माझ्यासमोर बसून माझ्यासाठी. मी त्याच्या कानाखाली वाजवली. त्यानं गाल चोळला आणि मागच्या अंगणात गेला. जन्मभर हेच. त्याची आई आणि मी भांडलो की हा अंगणात. अकरा वर्षांत एकदा, एकदा तरी म्हणाला असता की डल्सीचं बरोबर आहे.

दुपारी कुंपणापाशी मिसेस ट्रेलोरला गाठलं. पाया पडायचंच काय ते बाकी होतं. ती चादरी काढता काढता म्हणाली की दिलेलं नाव बदलता येतं. पेटी उंबरा ओलांडायच्या आत, त्याच दारात उभं राहून, घरातल्याच दुसऱ्या माणसाचं नाव द्यायचं. आणि घरच्या पुरुषानं त्याला होय म्हणायचं. मग पेटीचं माप ज्याचं त्याला बसतं, त्याची काळजी नको. मी विचारलं, याआधी कुणी बदललंय? ती म्हणाली, थर्झाला विचार, तिच्या बहिणीचं काय झालं ते.

विचारलं नाही.

घरात तीन माणसं. माझं नाव दिलेलं. लॉइड नाही, लॉइडचं मी कधीच— राहिली एक. ऐंशी वर्षांची. जगून झालंय तिचं. मला छत्तिसावं लागलंय. नाही. मी भांडखोर आहे, तोंडाळ आहे, पण खुनी नाही.

१८ जानेवारी, शनिवार, सकाळ

हात गार पडलेत. बाहेर एवढं ऊन. मनगटावर बोट धरून बघितलं— आहे. हळू आहे, पण आहे.

पेटी आली. पुढच्या खोलीत दोन खुर्च्यांवर. आतून पिवळी. दुमड सुरेख घातलीय, मीही इतकी सुरेख घातली नसती. त्याचाच मला सगळ्यांत जास्त संताप येतो.

न्याहारीला दोन बशा.

दहाच्या सुमारास

सासूबाई खोलीत आल्या. काळा झगा, टोपी. दार लावलं. माझ्या दंडाला धरलं, बोटं रुतली. म्हणाल्या, माझं नाव घेऊ नकोस गं पोरी. अकरा वर्षांत पहिल्यांदा पोरी. म्हणाल्या, म्हातारं माणूस मरायला तयार असतं असं तुम्हांला वाटतं, कुणी नसतं.

मी काही बोलले नाही. त्यांना वाटलं मी कबूल झाले. माझ्या गालावरून हात फिरवला. हात ऊबदार होता, मेला. इतका ऊबदार.

दुपार

दिलं. मी नाव दिलं.

दार उघडलं तर फाटकापर्यंत गाव. टोप्या हातात. मी उंबऱ्यावर उभी राहिले, म्हटलं थर्झा. पुन्हा एकदा, मोठ्यानं म्हटलं. मागे सासूबाई किंचाळल्या नाहीत. नुसता श्वास आत घेतला. मी वळून बघितलं नाही, माझ्यात हिंमत नव्हती.

मिसेस ट्रेलोर म्हणाली, लॉइडला विचारावं लागेल. तू आत थांब.

या खोलीत आहे. त्यांनी बाहेरून— कडी. डायरी उशीखाली होती.

ऐकू येतंय. मिसेस ट्रेलोर विचारतेय. बायको की आई, लॉइड.

तो गप्प.

पुन्हा विचारलं.

त्याच्या बुटांचा आवाज— मागच्या दाराकडे चाललाय. अंगणात. अरे आता तरी— नाही, कुणीतरी अडवलं त्याला. बोलिथोंचा आवाज. आज बाहेर जाता येणार नाही, लॉइड, म्हणाले. आज बोलावं लागेल.

सासूबाई रडताहेत. त्याला लहानपणीच्या नावानं हाका मारताहेत.

मी दारावर थापा मारल्या. लॉइड, माझं नाव घेऊ नको म्हटलं. मीही तेच म्हटलं. तेच शब्द.

बोलला.

काय बोलला— इतकं हळू. एकच शब्द. कळला नाही मला, देवा, कळला नाही—

खुर्च्या सरकल्या. पाच-सहा माणसांची पावलं. सासूबाईंच्या खुर्चीपाशी— आता थांबतील. थांबतील तिथे. ती ऐंशी वर्षांची आहे, लॉइड, ऐंशी—

थांबली नाहीत.

कडीला हात